रेघांची पिशवी

दिवेआगर, ४ ऑक्टोबर २०२५

ती. दादास कल्पूचा नमस्कार.

शुद्धलेखन चुकलं तर माफ कर. शाळा सुटून दोन वर्षं झाली, अन् मोबाईलवर एकेक अक्षर शोधत बसते. तुझ्या बार्जवर फोन लागत न्हाय, मेसेज तेवढा पोचतो, म्हणून हे लांबलचक.

प्राप्तीवहिनी बरी हाय. पाय सुजलेत, सारख्या चिंचा मागते. काल दवाखान्यात सिस्टरनी बायांना एक प्लॅस्टिकची पिशवी दाखवली. बाळ झालं की बाईच्या खाली लावतात, सगळं रक्त तिच्यात जमा. वर रेघा मारलेल्या, औषधाच्या झाकणाला असतात तशा. दादा, रक्त जमा कशाला करायचं? विचारायची मला लाज वाटली. आई म्हणते, रंगूआत्या घरात बाळंत झाली तेव्हा जुनी लुगडी पुरली, ह्यांना पिशवी कशाला. आत्या त्यातच गेली, ते आई बोलत न्हाय.

बाळंतिणीपाशी एकच बाई सोडतात. आईला मोतीबिंदूनं दिसत न्हाय, म्हणजे मीच. काय करू ते कळव. लोभ ठेव.

तुझी कल्पू


बार्जवरून, ६ ऑक्टोबर

चि. कल्पूस आशीर्वाद.

पिशवीचं वाचून जेवण गेलं न्हाय. इथला सदा म्हणतो, रक्त बाटलीच्या भावानं विकतात. फुकटच्या दवाखान्यात फुकट काय असतं? पिशवी लावू देऊ नको. लावलीच तर ओढून काढ. अन् जरा तोंड उघड. तुझा आवाज चुलीपासून पडवीपर्यंत पोचत न्हाय, सासरी भाकर कशी मागशील? प्राप्तीला काय झालं तर मी तुलाच विचारीन.

आशीर्वाद हायेतच, पण डोळे उघडे ठेव.

दीपेश


दिवेआगर, ११ ऑक्टोबर

ती. दादास नमस्कार.

मुलगी झाली! रंग तुझा, नाक वहिनीचं, वाचली बाय.

तुझं ऐकलं न्हाय, ते आधीच सांगते. सिस्टरनी पिशवी लावली तेव्हा मी कड धरली होती, ओढणारच. त्या म्हणाल्या, धर, पण बघत राहा, रक्त ह्या रेघेला लागलं की हाक मार. अन् बाळाला पुसायला वळल्या. मला वाटलं, चोरच राखण करायला सांगतोय की काय. वहिनी हसत होती, चहा मागत होती. अन् खाली पिशवी भरत होती. तिच्या तोंडाकडे बघून कायच कळलं नसतं. रेघेला लागलं तशी मी ओरडले. बाहेर आई उठून उभी राहिली म्हणे. सिस्टरनी धावत येऊन पोट चोळलं, सुई, सलाईन, सगळं एकदमच. डॉक्टरही आले. थांबलं रक्त. आता वहिनी उठून बसते, पेज पिते.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, रंगूची लुगडी भिजली की मी ओढ्यावर धुवत होते, तिला लाज वाटू नये म्हणून. किती गेलं ते त्या ओढ्यालाच माहीत.

तरी मी सिस्टरच्या मागनं गेले, पिशवी कुठं नेतात बघायला. जंतू मारायच्या औषधाच्या बादलीत ओतली. वळून विचारलं त्यांनी, पटलं का. मी नुसती मान हलवली. आवाज बसलाय ना.

सदाला सांग हे. रागावलास तरी लोभ ठेव.

तुझी कल्पू

ता. क. आपला हरवलेला तुरेवाला कोंबडा सापडला. शेजारच्या रावजीकाकांच्या पडवीत होता. ते म्हणतात, आपणहून आला.