रिकाम्या खुर्चीचे झोके

पळसदरी, ३ डिसेंबर १९८३
नोकरी लागली! आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि काम थेट अंतराळासाठी! तिथे सगळंच तरंगतं, वजनकाट्याचा उपयोग नाही. म्हणून ही खुर्ची: रुळांवर बसवलेली, दोन्ही बाजूंना स्प्रिंगा. माणसाला पट्ट्यांनी बांधायचं, खुर्ची खेचून सोडायची. वस्तुमान जितकं जास्त, तितके झोके संथ. सगळं समजावून गुप्ते सर पुण्याला गेले. चौक गावच्या घरून अप्पांनी चिवडा दिलाय.

४ डिसेंबर
रोज आधी रिकामी खुर्ची हलवून पाहायची, मग माणूस बसवायचा. झाडलोटीच्या मोतीबाईंनी माझा हातच धरला. म्हणाल्या, रिकामा पाळणा हलवू नाय, ताई, कोनतरी येऊन बसतं. मी म्हटलं, बसलं तर त्याचंही वस्तुमान काढू. "हस गं बाय, हस," म्हणत बादली उचलून गेल्या.

७ डिसेंबर
आज रिकामी खुर्ची संथ हलली, कोणी बसल्यासारखी. स्प्रिंगा तपासल्या, रुळांना तेल दिलं. तरी तेच. शेवटी मी बसले. झोके दोन माणसांचे! उतरले, तर खुर्ची पुन्हा पहिल्यासारखी चपळ. सरांना काय कळवू?

९ डिसेंबर
खुर्ची मला रोज जड दाखवते. कर्जत स्टेशनच्या काट्यावर मात्र नेहमीचेच पंचेचाळीस किलो. परतताना उतारावर थांबताच येईना, फाटकावर आदळले. रिकाम्या खुर्चीत जे येऊन बसलं, त्याला वजन नाही, नुसतं वस्तुमान आहे. खुर्चीतून माझ्याबरोबरच उतरलं ते.

११ डिसेंबर
मोतीबाईंनी घरी निरोप धाडला, म्हणून धाकटा भाऊ विष्णू न्यायला आला. हात धरून ओढलं, मी हलेना. भरल्या हातगाडीसारखी झालीस की गं, म्हणून हसला. मग जोर लावला. हलले — आणि थांबले नाही. तो मी आणि दार यांच्यामध्ये — मनगट मोडलं त्याचं. अप्पांना आणायला गेलाय.

१२ डिसेंबर
वाढतंय. उठायचं म्हटलं तरी अंग निघत नाही. श्वासाला छाती फुगायलाही वेळ —
मोतीबाई पाणी ठेवून जातात. जवळ येत नाहीत.

१३ डिसेंबर
टेंपोचा हॉर्न. अप्पा. चार माणसं आणलीत — दोर —
सांगायला हवं. आवाज निघत नाही. लिहून तरी —
अप्पा, मला ओढू न