घराण्यात कुणाला होतं का?

प्रिय न्यान मावशी,

तुझ्या कॉफीच्या मळ्यातली तोडणी उरकली असेल असं धरून लिहितेय. फोनवर हे माझ्याच्यानं बोलवलं नसतं.

लग्नाला आठ वर्षं झाली आणि पाळी वर्षातून जेमतेम चारदा, हे तुला ठाऊक आहे. सासूबाई तर पाहुण्यांसमोरच म्हणतात, "झाड विषारी असलं की फळ धरत नाही." दोन वर्षांपूर्वी इंजेक्शनांनी पोटात पाणी भरलं आणि मी मरता मरता वाचले, तेव्हापासून माझ्या नवऱ्यानं, तोआननं, उपचाराचं नावच काढलं नव्हतं. मग इथं सायगॉनमध्येच एक डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हणाल्या, तुझ्यासारख्यांना तेवढी इंजेक्शनं नकोतच. अंडी कच्चीच काढायची आणि प्रयोगशाळेत दोन दिवसांत पिकवायची. सोबत आलेली आई लगेच म्हणाली, "म्हणजे आंबे अढीत घालतात तसं." बाई खूप हसल्या. त्या दिवशीचं हसणं तेवढंच.

मग त्यांनी कागद पुढे ओढला. घराण्यात कुणाला साखर, कुणाची पाळी अशी? आई म्हणाली, माझी तर अगदी वेळेवर यायची. हिच्या वेळी गरोदरपणात काही त्रास? आई पर्सचं बटण लावत राहिली, उघडत राहिली. बाई म्हणाल्या, आठवेल तेवढं खरं सांगा, औषध त्यावर ठरतं. तेव्हा आई खाली बघूनच म्हणाली, "ही माझ्या पोटची नाही. माझ्या धाकट्या बहिणीची आहे."

तोआन स्कूटर लावून नेमका तेव्हाच आत आला. काय झालं, म्हणून विचारू लागला. मी मात्र भिंतीवरचं गर्भाशयाचं चित्र बघत होते आणि त्यातली नावं एकेक करून वाचत होते. तेहतीस वर्षांची बाई मी. मला रडूही आलं नाही, रागही नाही. फक्त हात इतके गार पडले की नर्सला रक्त काढायला शीर सापडेना.

बाहेर आईनं नूडल्स घेतले. दोघींचे वाडगे तसेच निवले. तिनं सगळं सांगितलं. तू अठराची होतीस, तुला दिवस गेले आणि तो तांदळाच्या होडीवरचा माणूस पुन्हा फिरकलाच नाही. तिला लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं. दोघी बहिणी ‘मी थो’ नावाच्या गावात खोली घेऊन राहिलात, आणि घरी परतताना मी तिच्या कडेवर होते. हे सगळं मी ऐकून घेतलं. पण त्यानंतर ती म्हणाली, "मला वाटलं, तिचं वय आहे, तिला दुसरं होईल. म्हणून घेतलं. तिला कधीच झालं नाही, तेव्हा तुला तिच्याकडे परत द्यायची माझी हिंमत झाली नाही."

मावशी, माझ्यात जे आहे ते तुझ्याकडून आलंय. तुला औषधच मिळालं नाही. तुझं एकुलतं एक मूल तू देऊन टाकलंस आणि दर तेतला, नव्या वर्षाच्या सणाला, त्याच्यासाठी नवे कपडे घेऊन येत राहिलीस. मी ते कपडे "मावशीला मापच कळत नाही" म्हणून नाकं मुरडत घालायची.

अकरा दिवस मी आईशी बोलले नाही. ती रोज सूपचा डबा वॉचमनकडे ठेवून निघून जायची. बाराव्या दिवशी अंडी काढायला नेलं आणि शुद्धीवर आले तेव्हा पायाशी तीच बसली होती, माझे तळवे चोळत. सतरा निघाली, अकरा पिकली, चार गर्भ झाले. ते गोठवून ठेवलेत. आम्ही बोलायला लागलोय. नीट नाही, पण बोलतो.

लिहिण्याचं कारण असं. येत्या महिन्याच्या एकोणीस तारखेला, गुरुवारी, पहिला गर्भ आत सोडायचाय. पेशंटसोबत आत फक्त एकाच माणसाला घेतात. तोआन थांबेल बाहेर, त्याला रक्ताच्या नुसत्या वासानं घेरी येते. मी आईचं नाव लिहायला गेले, तर तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तुझं नाव लिहिलं. मी तुला आई म्हणेन असं नाही. ती जागा रिकामी नाही. पण फॉर्मवर तुझ्या नावापुढे नातं लिहायचं असतं. तिथं तिनं काहीच लिहिलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. तू ये, आणि काय लिहायचं ते तूच लिही.

तुझीच,
क्वेन