तीन ते पाच

बुधवार, १२ मार्च २०२५

चि. मॅरिएल,

काल, मंगळवार दिनांक ११ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू माझा अपमान केलास. वेळ बरोबर लिहिली आहे, कारण चर्चच्या तळघरातल्या घड्याळाखालीच आम्ही उपवासाच्या शुक्रवारसाठी पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळत होतो आणि माझे हात पिठात होते.

तू बरी असशील. मी बरी आहे. तुझ्या वडिलांना पुरल्यापासून कालपर्यंत आपण बोललो नव्हतो, तरी आत्या या नात्याने विचारते.

तेव्हा मला आलेला फोन तुझ्या फिजिशियन असिस्टंटच्या शाळेतून होता. प्रवेश मिळाला म्हणे. अभिनंदन. तुझ्या आईला वाटतं तू डॉक्टरची चिटणीस होणार; मी तिला सांगितलं, बाई गं, ती रुग्ण तपासेल, औषधं लिहून देईल. पण पुढे ती फोनवरची बाई म्हणाली, "मॅरिएलने रुग्णसेवेचे हजार तास दाखवलेत. त्यातल्या दोनशे बारा तासांवर देखरेखीची सही तुमची आहे. खात्री करून द्याल ना? नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

मी अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. टेकडीवरचं आमचं इस्पितळ बंद पडून तिथे तू काम करतेस ते म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारं घर झालं, त्यालाही आता नऊ वर्षं होतील. मग माझी सही आली कुठून?

तुला लगेच फोन केला तर तू काय म्हणालीस? "आत्या, ओरडू नकोस. मी तुझं नाव घातलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची नर्सच सही करते. तिचंही नाव जेनेव्हिव्ह यूर्कानिन. मला वाटलं, आपल्याच घराण्यातली कोणी लांबची असेल."

"तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबत नाही," मी म्हटलं.

"मी जिन्याने जाते."

"तिथे खाटासुद्धा नाहीत."

"एक आहे," तू म्हणालीस.

इतक्या शांतपणे खोटं बोलणारी मुलगी आमच्या घराण्यात झाली नाही. मी फोन ठेवला, फादरच्या कचेरीत गेले आणि शाळेने पाठवलेले कागद छापून घेतले.

सहीचं ते अक्षर लहानपणी शाळेत सिस्टर पर्पेच्युआने पट्टीच्या काठाने माझ्या बोटांत घातलेलं आहे. पहिल्या अक्षराचा वेढा, शेवटच्याखालची रेघ. २०११ मध्ये मनगट मोडल्यापासून मला ते काढता येत नाही. हे पत्र बघ, कोंबडीने चालून गेल्यासारखं. तू शाळेत असताना तुला पाठवलेली वाढदिवसाची कार्डंही याच कोंबडीची. माझं जुनं अक्षर तू कधी पाहिलेलंच नाहीस.

आणि तास. एकशे सहा दिवस, रोज दोन. सगळे तीन ते पाच.

काल दुपारी तुला पुन्हा फोन केला, तेव्हा मी ओरडले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मी विचारलं, तिथे करतेस काय? तू म्हणालीस, "एकच म्हातारा आहे. खाणीतला. छातीत कोळसा भरलाय. त्याचा हात धरायचा, श्वास मोजायचे. नर्स पलीकडे खुर्चीत बसलेली असते. उठत नाही. चांगली आहे, पण तुझ्यासारखीच तिखट. पहिल्याच दिवशी म्हणाली, बस, पोरी. तीनच्या बसची घाई करू नकोस."

मॅरिएल, त्या बसबद्दल मी कोणालाही सांगितलेलं नाही. कबुलीच्या वेळी फादरलाही नाही.

मंगळवार, १६ ऑक्टोबर १९७९. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खाणकामगाराचं नाव एमिल बेनेक. तो म्हणाला, "नर्स, जाऊ नका, आता फार वेळ नाही लागायचा." मला तीनची बस गाठायची होती. मुलाखत होती. तुझ्याच या अभ्यासक्रमाची. तेव्हा तो नवा होता आणि बायकांना घेत आहेत म्हणून मी हरखले होते. केसपेपरवर मी आधीच लिहून ठेवलं, "तीन ते पाच, नर्स उशाशी." आणि गेले. पाचला झाडूवालीला तो सापडला. केसपेपर वाचून सगळे म्हणाले, निदान एकटा नव्हता.

मलाही प्रवेश मिळाला होता. तुझ्या वडिलांना सांगितलं, नापास झाले. पत्र चुलीत घातलं.

शाळेला गुरुवारी, वीस तारखेला, उत्तर द्यायचं आहे. सही माझी आहे असं मी सांगेन. तुझी जागा जाणार नाही. त्याच्या उशाशी तू खरोखर बसली आहेस, हे मला पुरेसं आहे. मी म्हातारी आहे, वेडी नाही, आणि या विषयावर कोणाचा सल्ला मला नको.

पण त्याआधी माझं काम कर. वर जा. त्या बाईला विचार, त्या दोन तासांत तो काय काय बोलला. कोणाला हाक मारली का, कोणाची. जे सांगेल ते शब्दाला शब्द लिही; मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस.

उत्तर लेखी हवं, आणि बुधवार, १९ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवं. त्या दिवशी सेंट जोसेफचा सण आहे. चांगल्या मरणासाठी आम्ही त्याचीच प्रार्थना करतो. फोन चालणार नाही.

आणि पाकिटावर माझं नाव तू स्वतः लिही. तिला लिहू देऊ नकोस.

तुझी आत्या,
जेनेव्हिव्ह