धक्क्याकडचं दार

ता. ४

ती. ताईस,
सा. न.

लाँच बुडवल्याचा आरोप असलेला चालक आज सकाळी गेला. इस्पितळाच्या डॉक्टरांनीच मला सांगितलं. काल जमावानं त्याला कोर्टातल्या पिंजऱ्यातून ओढलं, पायऱ्यांवर आपटलं, वल्ह्यांनी ठेचलं.

ते आत कसे शिरले, ते ऐक. बेटावरच्या या कोर्टाला मूळ नकाशात तीन दारं. न्यायाधीशांचं टेकडीकडे, लोकांचं बाजाराकडे आणि कैद्यांचं धक्क्याकडे; होडीतून उतरवून थेट पिंजऱ्यात. तिसरं बुजवलेलं होतं. दुरुस्तीचं काम माझ्याकडे, त्यात ते मी उघडलं. दगड उलटे, घडीव तोंड भिंतीच्या आत. कुण्या आंधळ्यानं बांधलंय म्हणून मी हसलो. नवी चौकट बसवली, पण चुना ओला, सगळा भार टेकूंवर. जमाव नेमका तिथेच आला. टेकू लाथांनी पाडले. आडव्या आलेल्या मुकादमाचा जबडा फोडला.

टेकूंचं मुकादमाला आणि मला माहीत होतं. शिवाय गेल्या रविवारी जेवताना मी दाजींजवळ त्याच टेकूंची बढाई मारली होती. बुडालेल्यांत त्यांचा भाऊ होता. ताई, काल दाजी कुठे होते?

लोभ आहे, तो राहू दे.
धाकटा

ता. ६

चि. धाकट्यास,
अ. आ.

आंधळ्यानं नाही, आजोबांनी बांधलंय. साठ वर्षांपूर्वी असंच एकाला त्या दारातून ओढून मारलं, तेव्हा त्यांनी ते बुजवलं. आपल्या गवंड्यांच्या घरात उलटा दगड म्हणजे पुन्हा उघडू नये, ही खूण. आजोबा कामाचं सांगू लागले की तू पेंगायचास.

त्या दिवशी हे पहिल्या बोटीनं गेले, संध्याकाळी परतले. पाण्याचा पेला उचलून ठेवत नाहीत, पण शर्ट स्वतः धुतला. बोटांची सालं निघाली होती. दोरानं कापलं म्हणाले. मी पट्टी बांधली.

त्यांचं नाव घेऊ नकोस, असं आधी लिहिलं होतं. ते पान फाडलं. त्या चालकालाही बायको आहे. पण माझ्या पदरात दोन मुली आहेत, हे ध्यानात असू दे.

माया आटू देऊ नकोस.
ताई

ता. ८

ती. ताईस,
सा. न.

सोमवारी सकाळी अकरा वाजता माझी साक्ष. दार कच्चं असल्याचं कोणाकोणाला ठाऊक होतं, हा पहिलाच प्रश्न असेल, असं सरकारी वकील म्हणाले. मी तिन्ही नावं सांगणार आहे, त्यात माझं पहिलं.

हे पत्र दाजींना दाखव. रविवारच्या शेवटच्या बोटीनं ते स्वतः आले, तर मी धक्क्यावर उभा असेन, ठाण्यापर्यंत सोबत चालेन. नाही आले, तर मंगळवारी पोलीस तुझ्या दारात येतील. मुलींना त्याआधी आत्याकडे पाठव.

रागावलीस तरी लिहीत जा.
धाकटा