मशीन उघडण्याआधी

वडवणी,
ता. १९ मे २०१९

प्रिय त्रिंबक,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला नवल वाटलं असेल. फोन असताना हा गडी कागद कशाला खराब करतोय, म्हणशील. या पंधरवड्यात मी तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तुझ्या गुडघ्याची चौकशी करून ठेवून दिला. बोलायचं होतं ते तोंडातून निघालं नाही. म्हणून आज सकाळीच ओट्यावर बसून लिहायला घेतलंय.

इकडचं तुला पेपरात कळतच असेल. नळाला पाणी येऊन एकवीस दिवस झाले. बोअर आहे, पण अर्धा तास चालला की हवा ओढतो, आणि येतं तेही खारट. आठवड्यातून एकदा टँकर येतो, त्यातून आमच्या वाट्याला पत्र्याची दोन टिपं भरतात. वेशीबाहेर चारा छावणी पडलीय. शेजारचा आश्रुबा आपली चार जनावरं घेऊन तिथंच राहतो, जेवायलाही घरी येत नाही. धारूरच्या घाटात करवंदीच्या जाळ्यासुद्धा यंदा वाळून गेल्यात.

अशा दिवसांत आमच्या घरात भांडी धुवायचं मशीन आलंय, हे सांगितलं तर तू हसशील. गावही हसलं. धाकट्या लेकाचा पुण्यातला एक मित्र परदेशी गेला, त्यानं जाताना दिलं. आमची कारभारीण गीताबाई म्हणाली, प्यायला पाणी न्हाई आन् ह्याला कुठून आणायचं. पण आमची सून वैजयंता शाळेत विज्ञान शिकवते. तिनं एक दिवस हातानं भांडी धुतली आणि लागलेलं पाणी मोजून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेवढीच भांडी मशीनला लावली आणि त्यातून बाहेर पडलेलं पाणी बादलीत धरलं. हातानं चार बादल्या लागल्या होत्या, मशीननं एक बादलीसुद्धा भरली नाही. त्या दिवसापासून गीताबाईच मशीनला हळदकुंकू लावायची तेवढी बाकी राहिली. तिची बोटं संधिवातानं वाकडी झालीत, तुला ठाऊकच आहे. राखेनं पातेलं घासताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते बंद झालं.

मार्च सरता सरता मशीन बिघडलं. भांडी थंडगार निघायला लागली, तेलाचा ओशटपणा तसाच. शिवाय खाली पाणी साचून राहायचं. बीडच्या मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला, वडवणीला यायला पंधरा दिवस तरी लागतील, आणि मशीन जुनं आहे, नवीनच घ्या. वैजयंता माझ्याकडे बघून म्हणाली, “मामा, तुमी कारखान्यात एवढी वर्षं वायरमन होतात. आपणच उघडून बघू की.”

त्रिंबक, रिटायर झाल्यापासून मी घरातला बल्ब सोडून कशाला हात लावला नव्हता. पण तिला नाही म्हणता येईना. एका अटीवर तयार झालो. म्हटलं, हात तुझे चालतील, मी शेजारी बसून सांगेन, आणि मी सांगितल्याशिवाय एक स्क्रू फिरवायचा नाही. आधी पिन बोर्डातून बाहेर काढायची. नुसतं बटन बंद करून भागत नाही. मग पाण्याचा नळ बंद. मशीन गरम असेल तर निवू द्यायचं. आतलं साचलेलं पाणी वाटीनं उपसून फडक्यानं टिपून घ्यायचं. पत्र्याच्या कडा धारदार असतात म्हणून जाड हातमोजे. आणि कुठलीही वायर सोडवण्याआधी तिचा मोबाइलवर फोटो, म्हणजे लावताना अंदाज बांधत बसायला नको. हे सगळं मी तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. ती हसून म्हणाली, मामा, तुमी माझ्यापेक्षा कडक मास्तर हायत.

पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपात खारकेच्या बीचा तुकडा अडकला होता. तो काढला तर पंप लगेच मोकळा झाला. हीटर मात्र गेला होता. बोअरच्या पाण्यानं त्याच्यावर क्षाराचा बोटभर थर चढला होता. मीटर लावून बघितलं, काटा हलला नाही. वैजयंतानं मशीनच्या मागचा नंबर लिहून घेतला, औरंगाबादहून तसाच हीटर मागवला. दाराचं रबरही तडकलं होतं, तेही मागवलं. दोन्ही एसटीच्या पार्सलनं आलं. मीच आणायला गेलो स्टँडवर.

हीटर बसवायचा तो रविवार. मशीन जुन्या गोधडीवर पाठीवर आडवं केलं, कारण वायरी खालच्या बाजूला जोडायच्या होत्या. पिन काढलेली होती. तरी मी तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि सुतळीनं गच्च बांधली. वैजयंता म्हणाली, काढलीच तर हाय, बांधायची कशाला. मी म्हटलं, असू दे. तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. पाइप धरायला घरातून एकजण तरी पाहिजेच, मी धावलो. जाताना तिला म्हटलं, मी येईपर्यंत थांब. पण तिला एकच वायर जोडायची राहिली होती.

तेवढ्यात गीताबाई मागच्या दारानं शेजारून परत आली. सून मशीनमागे वाकलेली. तिथूनच सून म्हणाली, “झालंच बघा, मामी.” गीताबाईनं तेवढंच ऐकलं, ‘झालं’. म्हातारीला मदत करायची हौस. तिनं ती पिन उचलली. तिला पिशवी दिसली, सुतळी सोडायला गेली, बोटांनी गाठ सुटेना. तेव्हा ती दारात येऊन मला हाक मारून म्हणाली, “आहो, ही पिन कावून बांधलीय? सोडून लावू का?” माझ्या हातातून टँकरचा पाइप सुटला. पाणी रस्त्यावर वाहून गेलं, लोक मला बोलले, मला काही ऐकू आलं नाही. आत जाऊन बघतो तर वैजयंताची उघडी बोटं हीटरच्या टोकांवर. वायर बसवता येईना म्हणून तिनं हातमोजा काढला होता.

काही झालं नाही. ती सुखरूप आहे. नंतर आम्ही अर्थिंग तपासलं, मशीन उभं केलं, खाली परात ठेवून रिकामं चालवलं, गळतं का ते बघितलं. महिन्यातून एकदा लिंबूसत्व टाकून चालवायचं, म्हणजे क्षार धरत नाही, असं तिनं कुठंतरी वाचून ठरवलंय. आता मशीन बिनतक्रार चालतंय. गल्लीतल्या दोन घरांतले मिक्सरसुद्धा ती दुरुस्त करून देते. पण त्या दुपारी मी माजघरात जाऊन भिंतीला टेकून बसलो तो उठलोच नाही.  वैजयंतानं पाणी आणून दिलं आणि विचारलं, “मामा, तुमी एवढं घाबरलात कशानं? कुणाला असं झालेलं बघितलंय का?” मी तिला म्हटलं, माझा एक मित्र होता. आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

सत्त्याऐंशी साल आठव, त्रिंबक. असाच दुष्काळ होता. ऊस कमी, पाणी त्याहून कमी, आणि आपला कारखाना कसाबसा हंगाम ओढत होता. तळ्यावरचा पंप बंद पडला की सगळं गाळप थांबायचं. पंप मोटरला जोडतो त्या कपलिंगचे रबर बदलायला तू गेलास. मी पॅनेलवर ड्यूटीला आलो तेव्हा तीन फ्यूज पॅनेलच्या माथ्यावर ओळीनं ठेवलेले होते. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, पंप का बंद आहे, ताबडतोब चालू करा. मला वाटलं काम उरकलं असेल, आधीच्या पाळीचा कुणीतरी फ्यूज लावायचे विसरला असेल. एखाद्याला पंपावर पाठवून विचारायला पाच मिनिटं लागली असती. मी विचारलं नाही. तिन्ही फ्यूज बसवले आणि हिरवं बटन दाबलं.

चौकशीत मी सांगितलं की मी आलो तेव्हा फ्यूज जागेवरच होते. त्याच महिन्यात मला नोकरीत कायम करणार होते. ते झालं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी तुला भेटायला आलो तेव्हा तुझ्या डाव्या हाताला बँडेज होतं, आत तीन बोटं नव्हती. तू मला विचारलंस, “शहादेव, मी फ्यूज काढले होते का रे?” मी म्हणालो, “न्हाई.” तू मान डोलावलीस. अख्ख्या कारखान्यात तुझ्यासारखा फिटर नव्हता, आणि त्यानंतर तू कधी पाना हातात धरला नाहीस. गेटवर वॉचमन म्हणून बसलास, नंतर पुण्याला लेकीकडे गेलास. अजून कुलूप तीनदा ओढून बघतोस, गॅस बंद केलाय का ते दोनदा उठून बघतोस, आणि माझं डोकं ठिकाणावर नसतं रे, असं हसत सांगतोस. मी ते एकतीस-बत्तीस वर्षं ऐकून घेतलं. तू दिलेली तुझी हत्यारंसुद्धा मी घेतली आणि वापरली.

गीताबाईला काल दुपारी सगळं सांगितलं. तिनं ताट वाढलं, पण समोर बसली नाही. आता हे पत्र मी तुला कशासाठी लिहितोय ते सांगतो. माफी मागण्यासाठी नाही. ती द्यायची की नाही, तुझं तू बघ. मी लिहितोय ते तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी. तू फ्यूज काढले होतेस, त्रिंबक. तिन्ही काढले होतेस. तुझी काही चूक नव्हती, तुझं डोकं तेव्हाही ठिकाणावर होतं आणि आजही आहे. हे पत्र चंद्रभागावहिनीला आणि तुझ्या लेकीला वाचून दाखव. कारखाना बंद पडला तरी संस्थेचं दप्तर अजून आहे. तिथं हेच लिहून, सही करून दिलंय, त्याची नक्कल सोबत जोडलीय. तू बोलावलंस तर मिळेल त्या गाडीनं येईन. नाही बोलावलंस तर तेही बरोबर आहे.

‘तुझाच’ असं लिहायचा हक्क उरलाय का, ते ठाऊक नसलेला,
शहादेव