होडी काठाला कुणी लावली

तात्या,

आज सुनेनं दाराला दुसरं कुलूप लावलं आणि मला तुमची आठवण आली. प्रेमानं आली असं समजू नका. देवळालीच्या या घरात चोरीला जाण्यासारखं आता फारसं काही उरलेलं नाही, तरी बाहेर पडताना ती दोनदा कडी ओढून बघते, आणि मला धरणाच्या काठावर साखळी ओढून बघणारे तुम्ही दिसता. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. म्हटलं होतं, माणूस गेलं की राग जातो. माझा काही गेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

धरणाचं पाणी चढलं, आपलं गाव बुडालं आणि सगळे वर माळावर राहायला गेले. बाजाराचा रस्ताही पाण्याखाली गेला. वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. तेव्हा गावानं होडी करवून घेतली आणि ती चालवायला तुमच्या आणि काकांच्या हवाली केली. काका काही नात्यातले नव्हते. बुडालेल्या गावात त्यांची आणि आपली भिंत एक होती, एवढंच. जन्मभर नांगर धरलेले तुम्ही दोघं एका पावसाळ्यात वल्ही मारायला शिकलात आणि लगेच खलाशाचा तोरा करायला लागलात. काका हसायचे तरी. तुम्ही नाही. तुम्हाला होडी मिळाली त्याच दिवसापासून चोर दिसायला लागले.

तुमचे नियम मला अजून पाठ आहेत. होडी साखळीनं बाभळीला बांधायचीच, पण वल्ही काही झालं तरी होडीत ठेवायची नाहीत. "वल्हं गेलं म्हंजी होडी गेली," म्हणत तुम्ही ती रोज खांद्यावर घरी आणून भिंतीला उभी करायचात. आई म्हणायची, "जावई आले गं, पाट मांड." उद्या काय माल यायचाय हे उतारूंना सांगायचं नाही. धान्याची पोती तळाला ठेवून वर कडबा पसरायचा, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वैरणच दिसावी. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की होडी लागायची जागा सोडून मधे काठावरून कुणीही हाका मारल्या तरी वळायचं नाही. आजारी असो, अडलेली असो, सख्खा मेहुणा असो. खालच्या अंगाला कुणाला तरी असंच हाका मारून काठाला बोलावलं आणि नागवलं होतं, हे तुम्ही प्रत्येक खेपेला नव्या उतारूला ऐकवायचात. लोक तुमच्या पाठीमागं हसायचे, पण पोरीबाळींना निर्धास्त होडीत बसवायचे. ते श्रेय मी तुमचं काढून घेत नाही.

त्या होडीतच माझं लग्न ठरलं म्हणा ना. काकांचा मुलगा कधीकधी वल्ह्यावर असायचा. मी चढताना तो एक पाय काठावर आणि एक होडीत ठेवून ती हलू द्यायचा नाही, आणि त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघायचा. हे आईनं हेरलं. सुपारी फुटली तेव्हा तुम्ही काकांच्या पाठीत थाप मारून म्हणालात, "आता भिंतीबरूबर हांडीबी येक झाली." मला ते फार आवडलं होतं.

मग दुष्काळ पडला. बहात्तरचा. लग्न पुढं ढकललं. खडी फोडायला जाणाऱ्या माणसांनी अक्षता काय टाकायच्या? धरणातलं पाणी खाली गेलं, काठाला गुडघाभर चिखल उघडा पडला. गावाच्या रेशनचा लाल मिलो, ती अमेरिकेतली ज्वारी, पलीकडच्या काठावर ट्रकनं यायचा आणि तुम्ही तो होडीतून आणायचात. एके दिवशी दुपारी तुम्ही एकटेच घरी आलात, कमरेपर्यंत चिखल, हातात वल्हं नाही. आई चुलीपाशी होती, मी पाणी दिलं. तुम्ही ते प्यायला नाहीत. म्हणालात, "अल्याडच्या वळणावर बाई हाका मारीत हुती. कडंवर पोर हुतं. मान टाकलेलं. त्यो म्हनला, तात्या, वळवू नको, तुजाच नेम हाय. माज्यानं ऱ्हावलं न्हाई गं." होडी काठाला लागली आणि बाभळींच्या आडून माणसं आली. मिलोही नेला आणि वल्हीही नेली. काका होडीपाशीच थांबले होते, एकटी टाकून यायला नको म्हणून.

तात्या, त्या क्षणी मला तुमचा जितका अभिमान वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. तुम्हाला एका पोराची दया आली होती. आणि तुमची ती दया घरातून बाहेर पडायच्या आतच मेली.

कारण तेवढ्यात माणसं दारात आली. गावाच्या तोंडचं अन्न गेलं होतं, ती बोलणारच. "होडी काठाला कुणी लावली?" एवढाच सगळ्यांचा प्रश्न. तुम्ही उंबऱ्यात उभे राहिलात आणि म्हणालात, "त्यानं." मी मागं तांब्या घेऊन उभी होते. तुम्ही मागं वळून बघितलं नाहीत.

देव तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये होता. जुनं देऊळ पाण्यात राहिलेलं, खंडोबाला उचलून वर आणलेलं. तिथं सगळे जमले. काका म्हणाले, तात्यानं वळवली. तुम्ही म्हणालात, त्यानं वळवली. होडीत तिसरं कुणी नव्हतं. मग तुम्ही स्वतः होऊन म्हणालात, "बेलभंडार उचलतो मी. त्यानंबी उचलावा."

काकांच्या घरात बेलभंडार उचलत नाहीत, हे गावात आता कुणालाही माहीत नव्हतं. त्यांच्या आजोबांनी बांधाच्या भांडणात खरी शपथ घेतली होती, आणि त्याच साली घरातला कर्ता मुलगा गेला. लोक म्हणाले, खोटं बोलला असणार. तेव्हापासून त्या घरानं देवापुढं हात धरायचं सोडलं. काकांनी ही गोष्ट तुम्हाला होडीत सांगितली होती, आणि तुम्ही आम्हाला. तुम्हाला ठाऊक होतं, तात्या. ठाऊक होतं म्हणूनच तुम्ही शपथ काढलीत.

तुम्ही बेलाचं पान आणि हळदीची चिमूट तळहातावर घेतलीत आणि म्हणालात, "खोटं बोलत आसंल तर माज्या पोटच्या पोरीचं वाटुळं हुईल." काका मग म्हणाले, "आमच्यात उचलत न्हाईत. खऱ्यालाबी न्हाई, खोट्यालाबी न्हाई." संपलं. जो उचलत नाही तो चोराला सामील. गावाला तेवढं पुरे होतं. पुढं कुणी विचारलंच नाही.

घरी आल्यावर मी तुमच्याशी भांडले. तुम्ही म्हणालात, "होडी गेली तर खाशील काय? दगड?" आईनं मला आत ओढलं. मी मागच्या दारानं काकांकडं गेले. म्हटलं, मी सगळ्यांसमोर सांगते. काकू तोंडाला पदर लावून बसलेल्या, त्यांचा मुलगा दाराबाहेर पाठमोरा उभा. काका म्हणाले, "गप ऱ्हा पोरी. शपथ तुज्या डोक्यावर घेतलीया त्यानं. ती खोटी ठरली तर तुला कोन करून घेईल?"

मी म्हटलं, "तुमी घेनारच हुता की."

"आता न्हाई," ते म्हणाले. "तुज्या बापाच्या दारात मी लगीन घेऊन कसा येऊ?"

त्यांनी घर हलवलं तेव्हा सामान बैलगाडीतून वळशाच्या रस्त्यानं नेलं. तुमच्या होडीत पाय ठेवला नाही. पुढं कोल्हारला ते वाळूच्या गाड्यांवर राबले. मी एकदा भगवतीच्या दर्शनाला गेले तेव्हा भेटले, पाठीत वाकलेले. पहिला प्रश्न काय विचारावा त्यांनी? "तात्या बरा हाय ना? चिखलात लई वेळ हुबा ऱ्हातो, पाय दुखत आसतील." मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तुम्ही मात्र मजेत होतात. गडी ठेवलात, नवी वल्ही केलीत, आणि नव्या उतारूला ऐकवायला तुमच्याकडं आता स्वतःची गोष्ट होती: जोडीदारानंच कसा घात केला. ती इतक्या वेळा सांगितलीत की शेवटी तुम्हालाही ती खरी वाटायला लागली असावी. तुमची होडी पुन्हा कधी लुटली गेली नाही. अडल्यानडल्यांच्या हाका तुम्ही ऐकल्या आणि पुढं गेलात.

मला उसाच्या मळ्यात दिलंत. तुमचे जावई वाईट नव्हते. खाऊनपिऊन सुखी, हात न उगारणारे. वाटोळं म्हणावं असं काही झालं नाही, असं सगळे म्हणतील, आणि मीही चारचौघांत तेच म्हणते. पण ज्या दिवशी तुम्ही शपथ घेतलीत त्याच दिवशी ती खरीही झाली, तात्या. देवाला थांबावं लागलं नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? आणि तुम्हाला वाचता कुठं येत होतं? आलेलं कार्ड तुम्ही माझ्यासमोर धरायचात आणि मी वाचून दाखवायचे. हे मी तुम्हाला तोंडावर वाचून दाखवू शकले नसते.

तुम्ही गेलात तेव्हा मी फार रडले. बायका मला आवरत होत्या, म्हणत होत्या, बापाची लाडकी हो. कोल्हारहून तोही आला होता, काकांचा मुलगा, गर्दीच्या मागं उभा, डोक्यावरचे केस पिकलेले. त्याला बघितलं आणि मला रडू फुटलं. तुमच्यासाठी मी रडलेच नाही.