निळ्या दाराचं पहिलं प्रेसिंग

४ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घटस्फोटाचे कागद झाल्यावर तुम्हाला लिहावं की नाही, यावर बरेच दिवस घुटमळले. शेवटी ठरवलं, मोडलं ते माझं आणि तुमच्या मुलाचं. जुन्या रॉक रेकॉर्डी तपासत आपण दोघं जे बसायचो आणि तुम्ही मला इन्स्पेक्टर म्हणून चिडवायचात, ते कुणी मोडलेलं नाही. आईंना हे पत्र रुचणार नसेल तर उत्तर देऊ नका, मी समजून घेईन.

इथे बरी आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पाइपांचे नकाशे काढते. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. शेजारीण रोज संध्याकाळी शिट्टी वाजवून तिच्या मांजराला बोलावते आणि मांजर रोज माझ्याकडे येतं. त्यामुळे शेजारणीशी अजून धड बोलणं नाही.

लिहायचं कारण असं, की चष्म्याच्या दुकानामागे एका गृहस्थांचं जुन्या रेकॉर्डींचं दुकान सापडलं. तिथे तुमच्या आवडत्या बँडचा, त्या चौघांचा, दुसरा अल्बम आहे, निळ्या दाराच्या कव्हरचा. दवाखाना लवकर बंद करून तुम्ही ज्याच्या मागे गावोगाव हिंडलात आणि दर वेळी नंतरच्या छपाईचं प्रेसिंग घेऊन तोंड पाडून परत आलात, तोच. दुकानदार म्हणतात, पहिलं प्रेसिंग आहे. ते सगळ्यालाच तसं म्हणतात. मी अजून हात लावलेला नाही. काय काय बघू ते नीट लिहा.

लोभ होता तसाच ठेवा, एवढंच मागणं.

तुमची
इन्स्पेक्टर


११ सप्टेंबर

चि. इन्स्पेक्टरबाईंस,
अ. उ. आ.

तुझं अक्षर दारातच ओळखलं आणि चपला न काढता वाचत उभा राहिलो, म्हणून बोलणी खाल्ली. पत्र कुणाचं ते कळताच तुझ्या सासूबाईंनी मात्र हातातलं काम खाली ठेवलं. उठून आत गेल्या. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आता कामाचं. आधी कव्हर पालथं कर. पहिल्या छपाईत पुठ्ठ्याच्या कडा मागच्या अंगाला बाहेरून दुमडून चिकटवलेल्या असतात. पुढे त्या आत घालायला लागले. मागच्या यादीत चौथ्या गाण्याच्या नावात एक अक्षर चुकलेलं हवं. ती चूक सुधारलेली दिसली तर तिथूनच परत फिर. मग लेबल: गडद हिरवं, कडेने बारीक पांढऱ्या अक्षरांची ओळ. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाणी संपतात तिथून लेबलापर्यंतचा गुळगुळीत पट्टा. त्यात सुईने कोरल्यासारखा आकडा असतो. टॉर्च आडवी धर, सरळ उजेडात काही दिसत नाही. दोन्ही बाजूंना आकड्याच्या शेवटी एक हा अंक हवा, म्हणजे पहिला साचा. दुकानदाराचं ऐकून घे, पण तोंड उघडायला लावून बघ. पेशंटच्या शब्दावर मी जन्मात कुणाचा दात काढला नाही.

माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोवर ते आकडे म्हणजे मुंग्यांची रांग. तू गेल्यापासून या घरात नवी रेकॉर्ड आलेली नाही.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

बाबा


२० सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी जाऊन आले. दुकानदारांनी मला स्टूल दिलं आणि मी टॉर्च काढल्यावर ते माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. कडा बाहेरून दुमडलेल्या आहेत. चौथ्या गाण्यातलं अक्षर चुकलेलं आहे. हिरवं लेबल, पांढरी ओळ, सगळं तुम्ही सांगितलं तसं. पहिल्या बाजूच्या आकड्याशेवटी एक. मी तर मनातल्या मनात तुम्हाला पेढे भरवले. मग उलटी केली, तर दुसऱ्या बाजूला दोन. पुसून बघितलं, भिंगातून बघितलं, दोनच. आता याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. दुकानदार आठवडाभर बाजूला ठेवतो म्हणाले.

दुसरी गोष्ट विचारू की नको असं झालंय, तरी विचारते. माझी राहिलेली पुस्तकं पाठवण्याबद्दल तुमच्या मुलाचा फोन आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, रेकॉर्डींची खोली रिकामी होतेय. तुम्ही पत्रात हे एका शब्दाने लिहिलं नाहीत. काय चाललंय?

जिव्हाळा आटू देऊ नका.

तुमची
इन्स्पेक्टर


२५ सप्टेंबर

चि. मुली,
अ. उ. आ.

माझं पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तू सरळ विचारलंस, म्हणून सरळ सांगते. आमचा मुलगा पुन्हा लग्न करतोय. मुलगी समजूतदार वाटते. दोघं इथेच राहणार, म्हणून ती खोली हवी. यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, की रेकॉर्डी एकूण एक तुला पाठवणार. मुलगा ताटावरून उठला. तेव्हापासून बापलेक माझ्यामार्फत बोलतात आणि मी निरोप्या झाले आहे.

तुझी पत्रं आली की मी आत जाते, ते तुझ्या रागाने नाही. तू निघालीस तेव्हा मीच तुला सांगितलं होतं, आता मागे वळून बघू नकोस. आणि हे तुला रेकॉर्डीच्या निमित्ताने रोज या घराकडे बघायला लावणार. माझा राग यांच्यावर आहे. त्या रेकॉर्डी तुला हव्या असतील तर घे, मुलाचं मी बघून घेईन. नको असतील तर नको म्हणून कळव. भिडेपोटी हो म्हणू नकोस. तेवढी एक सवय तुला होती.

यांचा निरोप: दुसऱ्या बाजूला दोन असलं तरी बिघडत नाही. कधी कधी पहिला साचा बाजारात यायच्या आधीच फेकून देतात. कडा, चूक, लेबल सगळं जुळतंय, म्हणजे पहिलंच प्रेसिंग. हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मला यातलं ओ की ठो कळलेलं नाही.

जेवण वेळेवर करत जा.

आई


३ ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रेकॉर्डी मला नकोत. हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले. त्या आल्या तर माझ्या भिंतीला तुमचं अख्खं घर येऊन टेकेल आणि मी त्याची राखण करत बसेन. निळ्या दाराची रेकॉर्ड मात्र मी घेतली. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. वाजवायला यंत्र नाही, ते होईल सावकाश.

तुमच्या मुलाबद्दल बोलायचा मला आता हक्क नाही. पण आपण टॉर्च घेऊन बसायचो तेव्हा तो दारात येऊन उभा राहायचा आणि कुणी काही म्हणेना, तसा निघून जायचा. त्याची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. आकडे त्याला वाचायला सांगा.

आई, तुमचं बरोबर आहे, फक्त एक सोडून. बाबांची पत्रं मला मागे ओढत नाहीत. इथे सगळे माझ्याशी फार अदबीने वागतात. चिडवणारं कुणीतरी लागतं.

रागावला असाल तरी पत्र टाका.

इन्स्पेक्टर


२९ ऑक्टोबर

चि. इन्स्पेक्टरबाईंस,
अ. उ. आ.

रागावलो होतो. पत्राला उशीर झाला तो त्यामुळे, ऑपरेशनमुळे नाही. ते नीट झालं.

डोळ्यावर पट्टी बांधून खुर्चीत बसलो होतो आणि खोली तर रिकामी करायची होती. तुझ्या सांगण्यावरून चिरंजीवांना आकडे वाचायला सांगितले. पहिल्या दिवशी तो सातला एक म्हणाला, मी ओरडलो, तोही ओरडला. दुसऱ्या दिवशी स्वतःची टॉर्च घेऊन आला. पट्टी सुटली, तरी वाचायला तोच बसतो. आता होणाऱ्या सूनबाई म्हणतात, बोळाच्या भिंतीला फळ्या ठोकल्या तर निम्म्या राहतील. उरलेल्या एका जाणत्या संग्राहकाला द्यायचं ठरलं. कुठल्या ठेवायच्या यावर रोज आमची हमरीतुमरी होते. मला ती हवीहवीशी वाटायला लागली आहे, पण त्याला हे कळवू नकोस.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे. शनिवारी दुपारच्या गाडीने तुझ्याकडे येतो. तुझी रेकॉर्ड या डोळ्यांनी तपासायची आहे. स्टेशनवर येऊ नकोस, पत्ता आहे.

भेटीत उरलेलं बोलू.

बाबा

ता. क. इथून पुढे मी लिहिते आहे. यांनी पिशवीत टॉर्च आणि भिंग एवढंच भरलं होतं. यांचे कपडे मी भरले. मग माझेही भरले. तुला अवघड वाटणार असेल तर लगेच फोन करून कळव, मला वाईट वाटणार नाही. काही कळवलं नाहीस तर मी येते.

आई